लेबलावरची दोन बारीक अक्षरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या शॅम्पेनबद्दल होती. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून याच तिघांना उत्तरं देते.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. दिवाळीला येताना त्याने शॅम्पेनची बाटली आणली. आजवर दोन-तीनदाच घेतली आहे, तीही सगळ्यांना माहीत असलेल्या नावांची. या बाटलीवर कुणा शेतकऱ्याचं आडनाव, खाली एका गावाचं नाव आणि 'ग्रां क्रू' असे शब्द आहेत. मित्र म्हणतात, नाव नसलेला स्वस्तातला माल दिसतोय. मुलगा म्हणतो, शेतकऱ्याच्या घरची आहे म्हणूनच मुद्दाम आणली. कुणाचं खरं मानायचं?
(एक निवृत्त शिक्षक, कोथरूड)

उत्तर : सर, आधी चष्मा लावा आणि लेबलाच्या अगदी खालच्या कडेला बघा. मुंगीएवढ्या अक्षरात एक क्रमांक असतो आणि त्याच्या आधी दोन अक्षरं. ती 'आर एम' असतील तर तुमचा मुलगा बरोबर आहे आणि त्याने तुमच्यासाठी फार विचार करून बाटली आणली आहे.

'आर एम' म्हणजे रेकोल्तां-मानिप्युलां. ज्याची बाग, त्याचीच वाईन. त्याला बाहेरून द्राक्षं घ्यायला परवानगी आहे ती पाच टक्क्यांपर्यंत. बाकी सगळा माल घरच्या वेलींचा. 'एन एम' असेल तर ती नेगोसियांची, म्हणजे ठिकठिकाणची द्राक्षं विकत घेऊन शॅम्पेन करणाऱ्या घराण्याची. तुम्ही पूर्वी घेतलेल्या बाटल्या बहुधा याच वर्गातल्या असणार. 'सी एम' म्हणजे सहकारी संस्थेची. आणि 'आर सी' दिसलं तर जरा थांबा. तिथेही शेतकऱ्याचंच नाव असतं, पण त्याने द्राक्षं सहकारी संस्थेत घातलेली असतात आणि तयार बाटल्या स्वतःच्या नावाने परत घेतलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण ती एकट्या त्याच्या बागेची म्हणता येत नाही.

शॅम्पेन प्रदेशात साधारण ३४,००० हेक्टर बागा आहेत आणि बागायतदार आहेत १६,००० च्या आसपास. म्हणजे सरासरी धरली तर प्रत्येकाकडे आपल्या हिशेबाने पाचेक एकर. सुमारे ९० टक्के बागा या लहान शेतकऱ्यांच्या मालकीच्या, पण बाजारात जाणाऱ्या दहा बाटल्यांतल्या सात तरी मोठ्या घराण्यांच्या असतात. म्हणून ती नावं जगाच्या तोंडी आहेत आणि तुमच्या बाटलीवरचं आडनाव तुमच्या मित्रांनी ऐकलेलं नाही. त्याच्या घरच्या सगळ्या मिळून वर्षाला काही हजार बाटल्या निघत असतील. त्यातली एक कोथरूडला पोहोचली, हेच मोठं.

'ग्रां क्रू' हा दर्जा मात्र करणाऱ्याचा नाही, गावाचा आहे. पूर्वी द्राक्षांचा भाव गावाच्या प्रतीवर ठरायचा. वर्षाचा भाव जाहीर झाला की शंभर टक्के भाव मिळणारी गावं ती ग्रां क्रू, बाकीच्यांना त्याच्या खालोखाल. भावाची ती पद्धत गेली, दर्जा राहिला. अशी गावं १७. आव्हीझ, क्रामां, ल मेनिल ही शार्दोने या पांढऱ्या द्राक्षासाठी नावाजलेली, तर आंबोने, बूझी, व्हेर्झने ही पिनो न्वार या काळ्या द्राक्षासाठी. चांगल्या गावातही आळशी बागायतदार असतो, आणि दर्जा नसलेल्या गावातही जीव ओतून काम करणारा असतो. म्हणून 'आर एम' काय किंवा 'ग्रां क्रू' काय, चव चांगली असण्याची हमी दोन्हींत नाही. माल कुणाचा आणि कुठला, एवढं त्यावरून खात्रीने कळतं.

आपण आंब्याची पेटी घेताना किती चौकशी करतो बघा. देवगडचा का रत्नागिरीचा, कुणाच्या बागेचा, अढीत घालून किती दिवस झाले. शॅम्पेनचं नाव निघालं की मात्र आपण फक्त ब्रँड विचारतो. तीही शेतातूनच येते. कुठलं गाव, कुणाची वेल, कुठल्या सालची तोडणी, हे प्रश्न तिलाही विचारावेत असं मला मनापासून वाटतं.

मला हे कळलं ते २०१२ च्या सप्टेंबरात. नाशिकमध्ये वाईनरीत बारा वर्षं काम केल्यावर मी शॅम्पेनच्या कोत दे ब्लां भागातल्या एका गावी, एका शेतकरी कुटुंबाकडे तोडणीला गेले होते. त्यांची बाग चार हेक्टरांची. ते वर्ष तिथल्या बागायतदारांना फार जड गेलं. वसंतात थंडीने कोंब करपले, मग गारा, मग पाऊस आणि पावसामागून डावणी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग. पहिल्या सकाळी बागेत शिरले तर पानांवर तोच ओळखीचा निळसर डाग. मी नकळत मोठ्याने म्हणाले, "बोर्डो!" पुढच्या ओळीतले त्या घरचे आजोबा वळले आणि म्हणाले, "वी, बूयी बोर्दलेझ!" त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझं फ्रेंच मोडकंतोडकं. पण मोरचूद-चुन्याच्या त्या फवाऱ्यावरून आम्ही अर्धा तास बोललो. डावणी त्यांच्या देशात १८७८ साली अमेरिकेतून आली आणि १८८० च्या दशकात त्यांच्याच देशात बोर्डो मिश्रण सापडलं. निफाडला माझ्या वडिलांनी उभं आयुष्य जे फवारलं, ते मूळचं इथलं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या पानासमोर उभं राहिल्यावर अंगावर काटा आला.

त्या वर्षी घड कमी होते, पण राहिले ते अप्रतिम. आज २०१२ हे चांगल्या सालांत धरतात.

तोडणी तिथे हातानेच करावी लागते, तसा नियमच आहे, कारण घड अख्खे प्रेसमध्ये जायला हवेत. त्या घरचा प्रेस जुना, लाकडाचा, गोल आणि बुटका. एका वेळी बरोबर ४,००० किलो द्राक्षं घालायची. झाकण हळूहळू खाली येतं, कडेच्या फटींतून रस झिरपायला लागतो. दाब थांबला की दोघं-तिघं जण दातेरी फावडी घेऊन आत उतरतात आणि कडेला सरकलेला चोथा पुन्हा मध्ये रचतात. मग पुन्हा दाब. हे असं तीन-चार वेळा. पहिले २,०५० लिटर ते 'कुव्हे', पुढचे ५०० लिटर ते 'ताय', आणि त्यापुढे एक थेंबही शॅम्पेनमध्ये घालायचा नाही, असा कायदा. आजोबा नळाखाली लहान पेला धरून उभे असत. एक घोट घेत, मान हलवत, पुन्हा पेला धरत. दुसऱ्या टाकीकडे नळी वळवायची खूण ते मीटरकडे बघून करत नसत. रसाच्या चवीतला आंबटपणा उतरला की हात वर करत, आणि सून मीटर वाचून सांगे तेव्हा आकडा बहुतेक दोन हजारांच्या जरा अलीकडेच असे. ताय ते स्वतःच्या बाटलीत घालतच नाहीत, विकून टाकतात.

मोठ्या घराण्यांचं काम वेगळं आणि तेही सोपं नाही. शंभरेक गावांच्या वाईन मिसळून दर वर्षी तीच चव आणायची, याला मोठी जीभ लागते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. शेतकऱ्याच्या बाटलीकडून मात्र तीच ती चव मागू नका. तुमची बाटली कदाचित जास्त आंबट, जास्त खडूसारखी कोरडी लागेल. लेबलावर 'एक्स्ट्रा ब्रूट' लिहिलं असेल तर लिटरला जास्तीत जास्त सहा ग्रॅम साखर, 'ब्रूट' असेल तर बाराच्या आत. पहिला घोट कोऱ्या तोंडाने घ्या. दुसरा मीठ लावलेल्या काजूबरोबर. मित्रांनाही बोलवा.

प्रश्न : ताई, आमची सात एकर द्राक्षबाग. त्यात दोन एकर वाईनरीसाठी लावली आहे. भाव ते म्हणतील तो. मागच्या अंकात तुम्ही ओझरता उल्लेख केला होता की शॅम्पेनमधले शेतकरी स्वतःची बाटली काढतात. त्यांना हे कसं जमलं? आम्हाला जमेल का?
(द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

उत्तर : दादा, 'भाव ते म्हणतील तो' हे वाक्य तिथल्या शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी म्हटलेलं आहे. तिथूनच सुरुवात करते.

विसाव्या शतकाच्या आरंभी तिथला शेतकरी फक्त द्राक्षं पिकवायचा. भाव घराणी ठरवायची. फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने वेली मरत होत्या, हंगामामागून हंगाम वाईट जात होते, आणि काही व्यापारी बाहेरच्या मुलखातून स्वस्त द्राक्षं आणि वाईन आणून त्याचीच शॅम्पेन करत होते. १९११ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा बांध फुटला. दामरी, ओव्हिलेर या गावांत त्यांनी तळघरं फोडली, पिंपं मार्न नदीत लोटली. एप्रिलमध्ये आयी गावात घराण्यांच्या इमारती पेटल्या, सैन्य आणावं लागलं. दक्षिणेकडे ओब जिल्ह्यातले शेतकरी वेगळ्याच कारणाने रस्त्यावर होते. १९०८ च्या हद्दीत त्यांचा भागच वगळला होता. तो पुरता आत यायला १९२७ उजाडलं. आज तिथल्या काही शेतकऱ्यांच्या बाटल्या मिळवायला लोक धडपडतात.

पण दंगलीने कुणाच्या घरी बाटली तयार झाली नाही. ती झाली मंदीने. १९३० च्या दशकात घराण्यांनी द्राक्षं घेणं कमी केलं, माल पडून राहायला लागला, तेव्हा काहींनी नाइलाजाने घरीच वाईन केली आणि पुष्कळांनी सहकारी संस्था काढल्या. १९४१ साली शेतकरी आणि घराणी दोघांनाही एका टेबलावर बसवणारी समिती आली. भाव, उत्पादन, साठा यांची चर्चा तिथे होऊ लागली. माझ्या मते तिथल्या शेतकऱ्याला खरं बळ दिलं ते या दोन गोष्टींनी, संस्था आणि टेबल. बाटली नंतर.

आता पैशाचं. गेल्या काही वर्षांत तिथे द्राक्षाला किलोला सहा-सात युरो मिळतात. म्हणजे प्रेसमध्ये एका वेळी जातात त्या चार टनांचे २४ ते २८ हजार युरो, बाकी कटकट काही नाही. तेच स्वतःकडे ठेवले तर २,५५० लिटर रस, साधारण ३,४०० बाटल्या. पण साधी शॅम्पेनसुद्धा बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात ठेवल्याशिवाय विकता येत नाही, एकाच सालाची असेल तर तीन वर्षं. चांगले शेतकरी याहून जास्त ठेवतात. म्हणजे तळघरात कायम दोन-तीन वर्षांचं पीक अडकलेलं. म्हणूनच शॅम्पेनमधले पुष्कळ शेतकरी थोडा माल घराण्याला विकतात आणि थोड्याचीच बाटली करतात. माझ्या त्या घरीही अर्ध्याहून जास्त द्राक्षं कराराने जातात. त्या पैशावर घर चालतं, आणि उरलेल्या मालाला थांबायला सवड मिळते.

यंत्रांसाठी त्यांनी घर गहाण टाकलं नाही, हेही बघण्यासारखं आहे. बाटल्या भरणारं यंत्र ट्रकवर बसवलेलं असतं आणि ते गावोगाव फिरतं, आपल्याकडे मळणीयंत्र फिरतं तसं. ज्याच्याकडे प्रेस नाही तो शेजारच्याच्या प्रेसवर जातो.

तळघरात काय होतं ते थोडक्यात सांगते. पहिली आंबवण झाल्यावर जी साधी वाईन होते ती कैरीने दात आंबावेत इतकी आंबट असते. तिच्यात लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. बाटलीतच पुन्हा आंबवण होते, वायू कोंडला जातो, दाब सहा बारच्या घरात जातो. २०१३ च्या एप्रिलमध्ये मी परत गेले तेव्हा त्या आजोबांच्या सुनेने मला हाताने यीस्टचा गाळ काढणं दाखवलं. महिनाभर थोडी थोडी फिरवून बाटली उलटी केलेली, गाळ सगळा तोंडाशी. तिने ती उलटीच पोटाशी धरली, उघडणीने झाकण सैल केलं आणि बाटली वर उचलता उचलता सोडलं. टप्पकन झाकण आणि गाळ पिंपात. अंगठा लगेच तोंडावर. आत राहिलेली वाईन आरशासारखी. एका बाटलीला तिला चार सेकंद लागत होते. माझ्या पहिल्या बाटलीतली पाव वाईन भिंतीवर गेली. ती काही बोलली नाही, दुसरी बाटली हातात दिली.

आणि या शेतकऱ्यांनी शॅम्पेनलाही काही शिकवलं. आव्हीझचे आन्सेल्म सेलॉस बर्गंडी या फ्रान्सच्या दुसऱ्या वाईन प्रदेशात शिकून आले आणि वडिलांच्या बागेत उत्पादन कमी करून, ओळीओळीची द्राक्षं वेगळी ठेवून, लाकडी पिंपांत आंबवू लागले. 'सब्स्टान्स' नावाच्या त्यांच्या वाईनची मूळ टाकी १९८६ पासून पूर्ण रिकामी झालेली नाही. थोडी काढायची, तेवढी नवीन घालायची, घरातल्या जुन्या विरजणासारखी. रँस शहराच्या पश्चिमेला जेरोम प्रेव्हो यांनी मूनिये या द्राक्षाची बाटली काढली. या जातीला तोवर भरतीचा माल समजत. मोठ्या मिश्रणात जे हरवून जातं ते शेतकऱ्याच्या चार ओळींत टिकतं, आणि मला या बाटल्यांची ओढ आहे ती त्यासाठी.

आता तुमचं. थॉमसनच्या, म्हणजे खायच्या द्राक्षाच्या बागेतून हे होणार नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या दोन एकरांत शेनिन ब्लां हे वाईनचं द्राक्ष असेल तर स्पार्कलिंगसाठी, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनसाठी, गोडी भरण्याआधी, आंबटपणा असतानाच तोडणी करावी लागेल. आपल्या मातीत हे होतं, याबद्दल शंका नको. नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने 'ओमर खय्याम' ही स्पार्कलिंग वाईन तयार झाली आणि परदेशात गेली. दिंडोरीत तर आज एक फ्रेंच कंपनीच स्पार्कलिंग करते. पण शॅम्पेनच्या शेतकऱ्यांना खडूच्या तळघरात बारा महिने दहा-बारा अंशांचा गारवा फुकट मिळतो, आपल्याला तो विजेच्या बिलावर विकत घ्यावा लागतो. शॅम्पेन हे नावही आपल्याला वापरता येणार नाही. त्यांच्या दारात शनिवारी पॅरिसहून गाडी येते आणि डिकी भरून बाटल्या घेऊन जाते, तसं गिऱ्हाईक निफाडच्या रस्त्यावर अजून उभं राहायचं आहे.

म्हणून एकट्याने उडी घेऊ नका. तुमच्यासारखे पाच-सहा जण जमवा. एकत्र बसून आधी वाईनरीशी तीन वर्षांचा लेखी करार आणि प्रतवारीप्रमाणे भाव मागा. तो झाला की एका टनाची साधी पांढरी वाईन एखाद्या परवाना असलेल्या वाईनरीत भाड्याने करून घ्या, तुमच्या नावाची. ती विकली जाते का बघा. बुडबुडे त्यानंतर. फेब्रुवारीत बागेत यायला मला आवडेल, तोडणीच्या आठवडाभर आधी कळवा. रस चाखून तारीख ठरवू.

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी फ्रान्समधल्या भाचीने अशीच एका शेतकऱ्याची शॅम्पेन पाठवली आहे. कार्यक्रमाला चार महिने आहेत. बाटली कशी ठेवावी, कशी उघडावी?
(एक वाचक दांपत्य, मडगाव)

उत्तर : फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, आडवी, वर्तमानपत्रात गुंडाळून. चार महिन्यांत तिथे काही बिघडत नाही. कपाटावर, माळ्यावर किंवा शोकेसमध्ये अजिबात नको. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्या शॅम्पेनमधल्या घरच्या सुनेने स्वतः गाळ काढलेली एक बाटली मला दिली होती. मी ती वडिलांसाठी निफाडच्या घरी देवघराशेजारच्या कपाटात ठेवली. मे महिना तिने तिथे काढला. दिवाळीत उघडली तेव्हा बुडबुडे उरले नव्हते आणि वास उतरलेल्या सफरचंदाचा होता. वडिलांनी पेला संपवला आणि चांगली आहे म्हणाले. त्यांनी ती पुन्हा कधी चाखली नाही, आणि ती बाटली अजून माझ्या मनातून जात नाही.

उघडताना बूच उडवू नका. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. तारेला सहा अर्धे वळसे दिले की ती सुटते. तार तशीच राहू द्या, बूच मुठीत घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. नि:श्वास सोडल्याएवढाच आवाज आला पाहिजे. पेले उंच नळीसारखे नकोत, साध्या पांढऱ्या वाईनचे चालतील, म्हणजे वास नाकापर्यंत येईल. ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा.

आणि मागच्या लेबलावर 'देगोर्जमां', म्हणजे गाळ काढणं, हा शब्द शोधा. त्याच्यापुढे महिना आणि साल असेल. कुणाच्या तरी अंगठ्याखालून ती बाटली गेली तो दिवस. पुष्कळ शेतकरी तो छापतात. कार्यक्रमात बाटली उघडण्याआधी भाचीला फोन लावून तिला ते वाचून दाखवा.